तारा गेला, आता हिशेब मांडा : फुटबॉल क्लबांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
संचालक मंडळ, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि क्रीडा संचालक,
युरोपातले व्यावसायिक फुटबॉल क्लब

विषय : महागडा खेळाडू गेल्यानंतरचा कारभार

स. न. वि. वि.

दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या क्लबच्या संकेतस्थळावर एक निवेदन येते. आधी खेळाडूचे सामने आणि गोल, मग त्याचे आभार, मग पुढच्या वाटचालीस शुभेच्छा, आणि तळाला एक ओळ : व्यवहाराची रक्कम जाहीर न करण्याचे दोन्ही क्लबांनी ठरवले आहे. त्यानंतर तुमच्याकडून चिडीचूप. पुढचे जे काही आम्हाला कळते ते एजंटांनी पत्रकारांच्या कानात सोडलेल्या बातम्यांतून. कोण येणार, कितीला येणार, मुळात कोणी येणार की नाही, याचा पत्ता ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची ठरलेली मुदत) बंद व्हायच्या रात्री लागतो. कित्येकदा तुमच्या प्रशिक्षकालाही तेव्हाच.

तारा गेला म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. खेळाडू जातात. कोणाला मोठा करंडक हवा असतो, कोणाला मोठा पगार, कोणाला मायदेशी परतायचे असते. त्यात गैर काही नाही. आमचे भांडण तो गेल्यानंतरच्या तुमच्या कारभाराशी आहे. त्याच्यासारखाच दुसरा शोधत सुटायचे, आलेला पैसा महिनाभरात उडवायचा, आणि नाही जमले की प्रशिक्षकाला घरी पाठवायचे, हे आता फार वेळा पाहून झाले. तसा माणूस बाजारात मिळत नाही, म्हणून तर त्याची किंमत एवढी आली. मात्र तो जी कामे करत होता ती मोजता येतात, वाटता येतात आणि तो जायच्या आधीच दुसऱ्यांच्या हाती देता येतात. हे काम तुमचे आहे, ते तुम्ही करत नाही, ही मूळ तक्रार. बाकीच्या तिच्याच फांद्या.

आम्ही कोण विचारणारे? सीझन तिकिटाचे पैसे आम्ही हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी भरतो, संघ कसा असेल हे ठाऊक नसताना. टीव्हीची वर्गणी भरतो, जर्सी घेतो. प्रक्षेपण, तिकिटे आणि विक्री ही तुमच्या ताळेबंदातली उत्पन्नाची मोठी कलमे, आणि तिन्हींच्या टोकाला आमचेच खिसे आहेत. तेव्हा तपशिलात बोलण्याचा हक्क आहे असे आम्ही धरून चालतो.

पैशापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त धूळफेक तिथेच होते.

समजा एक खेळाडू तुम्ही ६ कोटी युरोंना घेतला, पाच वर्षांच्या करारावर. हिशेबाच्या वहीत हा खर्च एकाच वर्षी पडत नाही, दरवर्षी १.२ कोटी असा पाच वर्षांत पडतो. तीन वर्षांनी वहीत त्याची उरलेली किंमत २.४ कोटी. मग त्याला १० कोटींना विकले. मथळा १० कोटींचा. आता कात्री लावा. देशाबाहेरची बदली असेल तर फीफाच्या नियमाने ५ टक्के, म्हणजे ५० लाख, त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांकडे जातात. ज्या क्लबकडून तुम्ही तो घेतला, त्याने पुढच्या विक्रीतला वाटा बहुधा करारात लिहून घेतलेला असतो. तो नफ्याच्या १५ टक्के धरला तर ४ कोटींच्या फरकावर ६० लाख. उरले ८.९ कोटी. तेही एकरकमी नाहीत. मोठ्या बदलीचे पैसे सहसा तीन-चार वर्षांच्या हप्त्यांनी येतात. म्हणजे या उन्हाळ्यात हातात जेमतेम तीन कोटी, आणि त्यातूनच त्याला घेतल्याचा तुमचा एखादा थकलेला हप्ताही भागवायचा असू शकतो. सगळे आत्ताच हवे असतील तर येणारे हप्ते बँकेकडे गहाण टाकायचे आणि व्याज सोसायचे.

वहीतला नफा मात्र सगळाच्या सगळा याच वर्षी दिसतो : ८.९ वजा २.४, साडेसहा कोटी. घात इथेच होतो. साडेसहा कोटींच्या जोरावर तुम्ही अडीच-अडीच कोटींचे चार खेळाडू घेता, चौघेही पाच वर्षांसाठी. वहीत दरवर्षी २ कोटी. प्रत्येकाचा पगार ५० लाख धरला तर आणखी २ कोटी. गेलेल्या खेळाडूचा वार्षिक भार होता १.२ कोटी आणि पगार समजा दीड कोटी, म्हणजे २.७. आता झाले ४. वर्षाला १.३ कोटींची भर, पाच वर्षांत बरोबर साडेसहा कोटी. सगळा नफा गिळून झाला, आणि चौघांपैकी दोघे चालले नाहीत तर त्यांचा पगार बघून त्यांना कोणी घेतही नाही. मग तिसऱ्या वर्षी खड्डा पडतो आणि तो बुजवायला पुन्हा कोणीतरी चांगला विकावा लागतो. सात-आठ वर्षांचे करार करून वार्षिक भार पातळ करण्याची पळवाट युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, २०२३ मध्ये बंद केली. आता भार जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरता येतो. शिवाय पगार, हा वार्षिक भार आणि एजंटांची फी मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवायची आहेत. हे आकडे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले कळतात. मग 'मिळालेला सगळा पैसा संघातच गुंतवू' असे माइकसमोर कोण सांगते?

उलटा प्रकारही आहे. युव्हेंटसने २०१८ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोला १० कोटी युरोंना घेतले आणि २०२१ मध्ये दीड कोटी अधिक कामगिरीवर ८० लाखांपर्यंत, एवढ्यावर सोडले. वहीतली उरलेली किंमत त्याहून जास्त होती, त्यामुळे त्या व्यवहारात १.४ कोटींचा तोटा क्लबला दाखवावा लागला. तारा विकला की पैसा येतोच असे नाही. कधी कधी फक्त पगार वाचतो. आणि खरे तर वाचलेला पगार हीच बदलीच्या रकमेपेक्षा भरवशाची गोष्ट असते, कारण तो दरवर्षी वाचतो.

दुसरी तक्रार वेळेची. रोनाल्डो तुरीनहून, म्हणजे युव्हेंटसमधून, निघाला तेव्हा विंडो संपायला चार दिवस होते. आदल्या हंगामात २९ गोल करून तो सेरी आचा, म्हणजे इटलीच्या पहिल्या लीगचा, सर्वाधिक गोल करणारा ठरला होता. शेवटच्या दिवशी मोइसे कीन लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, आला. युव्हेंटसचे लीगमधले गोल ७७ वरून ५७ वर आले, आणि जानेवारीत दुशान व्लाहोविचसाठी ७ कोटी मोजावे लागले. बैल गेला अन् झोपा केला.

यावर 'आमच्या हातात काय होते' असे उत्तर येते. नेमारच्या बाबतीत ते काही अंशी खरे होते. स्पेनमध्ये करारात सुटकेची रक्कम लिहिलेली असते; ती भरली की क्लब 'नाही' म्हणू शकत नाही. २०१७ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला २२.२ कोटी युरो भरले गेले आणि तो पॅरिसला गेला. पण पुढे जे झाले ते बार्सिलोनाच्याच हातात होते. तुमच्या खात्यात २२ कोटी पडलेत हे साऱ्या युरोपाला माहीत असताना खरेदीला निघालात तर विकणारा भाव वाढवणारच. तीन आठवड्यांनी डॉर्टमुंडकडून उस्मान डेंबेले १०.५ कोटी आणि वर अटींवर ४ कोटींपर्यंत असा घेतला. वय २०. सप्टेंबरच्या मध्यात मांडीचा स्नायू फाटला आणि तो जवळपास जानेवारीपर्यंत बाहेर बसला. जानेवारीत फिलिपे कुटिन्हो, १२ कोटी अधिक अटींवर आणखी ४. अडीच वर्षांनी लिस्बनमध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ ने धुतले, त्यात बदली म्हणून उतरून दोन गोल करणारा कुटिन्होच होता. बार्सिलोनानेच त्याला बायर्नकडे लोनवर पाठवले होते.

याच्या शेजारी इंग्लंडचा ब्रायटन क्लब ठेवून पाहा. मोइसेस कायसेदो एक्वाडोरहून फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, पन्नास लाख पौंडांच्या आसपास. आधी तो बेल्जियममध्ये बेअरशॉटकडे लोनवर खेळला. २०२२ च्या एप्रिलमध्ये प्रीमियर लीगमध्ये उतरला. जूनमध्ये ब्रायटनचा ईव्ह बिसूमा टॉटनहॅमला विकला गेला. म्हणजे बिसूमाची जागा घेणारा बिसूमा जायच्या सोळा महिने आधी दारात होता, त्याची भाषा, हवामान, इंग्लिश फुटबॉलचा वेग, सगळे क्लबच्या खर्चाने पण बिनबोभाट जमून गेले होते. पुढच्या वर्षी त्याच कायसेदोचे चेल्सीने १० कोटी पौंडांहून अधिक दिले. यात जादू काही नाही. प्रत्येक जागेसाठी तीन-चार नावांची यादी ठेवायची आणि ती बाजार तापायच्या आधी वापरायची, एवढेच.

आता मुख्य मुद्दा, कामांचा. इथे जरा थांबावे लागेल.

उजवीकडून खेळणारा डावखुरा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, विकला असे समजू. वर्तमानपत्रात त्याचे १८ गोल दिसतात. त्यातल्या पाच पेनल्टी असतील तर त्या आधी बाजूला काढा, कारण पेनल्टी दुसरा कोणीतरी घेईलच आणि चारांतल्या तीन जातातच. उरले १३. हे सोपे गणित. अवघड पुढे आहे.

उजवीकडचा कॉर्नर तो डाव्या पायाने घेत होता, म्हणजे चेंडू गोलकडे वळत येत होता. जवळच्या खांबाकडे धावणारा सेंटर-बॅक (मधला बचावपटू), गोलकीपरच्या पुढ्यात उभा राहणारा एक जण, मागच्या खांबाशी टपलेला तिसरा, ही सगळी मांडणी त्या वळणावर बसवलेली होती. तो गेला आणि कॉर्नर उजव्या पायाने घेतला जाऊ लागला की चेंडू गोलपासून दूर वळतो. गोलकीपर मोकळा होतो, जवळच्या खांबाकडची धाव वाया जाते, आणि सेंटर-बॅकचे हंगामातले चार-पाच गोल आटतात. समर्थक म्हणतात सेंटर-बॅक संपला. तो संपलेला नसतो, त्याला चेंडू देणारा पाय गेलेला असतो.

त्याच्यावर प्रतिस्पर्ध्याचे दोन जण धावत होते, लेफ्ट-बॅक आणि एक मिडफिल्डर. त्यामुळे तुमचा राइट-बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) बाहेरून मोकळा पळत होता. आता एकच जण येतो, राइट-बॅकला वाट मिळत नाही, त्याचे क्रॉस अडतात. शेवटच्या वीस मिनिटांत, एका गोलची आघाडी असताना, बचावातून उडवलेला चेंडू तोच कॉर्नर-फ्लॅगजवळ पाठ लावून धरून ठेवत होता. तेवढ्यात बचावफळी पंधरा मीटर पुढे सरकत होती. आता तो चेंडू भिंतीला आपटल्यासारखा परत येतो आणि ८५ व्या मिनिटाला गोल बसतो. दोष गोलकीपरला. प्रेसिंग, म्हणजे चेंडू हिसकावायला प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाणे, कोणी सुरू करायचे, सेंटर-बॅकला कोणत्या पायावर ढकलायचे, हा इशाराही त्याचाच असायचा. आणि तो ३८ पैकी ३४ सामने खेळत होता. जो नवा येतो तो कागदावर तितकाच चांगला असतो, पण त्याला मांडीचा जुना त्रास असतो आणि तो २० सामने खेळतो. उरलेल्या १८ सामन्यांसाठी तुम्ही कोणालाच घेतलेले नसते.

ॲस्टन व्हिलाने २०२१ मध्ये जॅक ग्रीलिशला १० कोटी पौंडांना सोडले तेव्हा एक गोष्ट योग्य केली. मुख्य कार्यकारी अधिकारी कॅमेऱ्यासमोर आला आणि ग्रीलिशची कामे तिघांत कशी वाटली ते त्याने सांगितले : बुएंदिया, बेली, इंग्ज. त्या प्रामाणिकपणाचे आम्ही कौतुक करतो; बाकीच्यांनी तेवढेही केलेले नाही. तरीही संघ घसरला. का? २०१९-२० च्या लीग हंगामात एकट्या ग्रीलिशवर १६७ फाउल झाले होते. प्रत्येक फाउल म्हणजे मोकळा श्वास, पुढे सरकलेला संघ, एक फ्री-किक आणि कधी प्रतिस्पर्ध्याला पिवळे कार्ड. गोल, पास, संधी यांची वाटणी झाली, पण संघाला वर नेणारा आणि दम खाऊ देणारा माणूस या वाटणीत कोणाच्याच वाट्याला आला नाही. यादी बरोबर होती, अपुरी होती. आदल्या वर्षी अकरावा आलेला संघ चौदावा आला.

टॉटनहॅमने २०१३ मध्ये गॅरेथ बेलच्या बदल्यात सात जण आणले. वेळेत आणले, हे मान्य करायला हवे. बेलची बदली पक्की होण्याआधीच बरेचसे आले होते. पण सात नवे चेहरे एका उन्हाळ्यात म्हणजे अकरातले निम्मे एकमेकांना न ओळखणारे. रोबेर्तो सोल्दादोने व्हॅलेन्सियासाठी आदल्या हंगामात लीगमध्ये २४ गोल केले होते. इथे सहा, त्यातले चार पेनल्टीवर. त्याला क्रॉस आणि बॉक्समधले आखूड पास लागत, आणि कडेला मात्र आत वळून स्वतःच फटका मारणारे खेळत होते. खेळाडू वाईट नव्हता, मागवणाऱ्याने चुकीचा मागवला. त्या सातांत टिकून मोठा झाला तो ख्रिस्तियन एरिक्सन, सोल्दादोच्या निम्म्याहून कमी किमतीत आलेला.

रेआल माद्रिदने २०१८ मध्ये रोनाल्डो विकला आणि त्या तोडीचा कोणी घेतला नाही. लीगमधले गोल ९४ वरून ६३ वर आले. पण त्याच हंगामात करीम बेन्झेमाचे लीगमधले गोल ५ वरून २१ वर गेले. जवळ असलेला माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्यासाठी जागा करून देत होता. ती गरज संपताच तो स्वतः त्या जागेत शिरला. हेच पॅरिसमध्ये २०२४ नंतर घडले. किलियन एम्बापे गेला, आणि तोही फुकट. प्रशिक्षक लुइस एन्रिके यांनी कडेचा डेंबेले मध्यात आणला आणि त्याचे लीगमधले गोल ३ वरून २१ झाले. संघाचे ८१ वरून ९२. मे २०२५ मध्ये म्युनिकला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटरवर ५-०. होय, बार्सिलोनाने नेमारच्या जागी साडेदहा कोटींना आणलेला तोच डेंबेले. पॅरिसला तो ५ कोटींना मिळाला. पहिल्यांदा त्याला एका माणसाची जागा भरायला आणले होते. दुसऱ्यांदा त्याला एक काम दिले होते.

लिव्हरपूलचा मार्ग आणखी वेगळा. जानेवारी २०१८ मध्ये कुटिन्हो गेला आणि त्याच्यासारखा कोणी आलाच नाही. पैसा गेला दुसऱ्याच भोकांकडे : सेंटर-बॅक व्हर्जिल व्हॅन डाइक, साडेसात कोटी पौंड, आणि उन्हाळ्यात गोलकीपर ॲलिसन. खाल्लेले गोल ३८ वरून २२, केलेले ८४ वरून ८९, गुण ७५ वरून ९७. तारा पुढे खेळत होता म्हणून पैसा पुढेच खर्चायचा, असे कोणी सांगितले आहे?

करारांबद्दल थोडक्यात, कारण यात समजावण्यासारखे फार नाही. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बॉसमन निकालापासून करार संपलेला खेळाडू फुकट जातो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत त्याला परदेशी क्लबशी आगाऊ बोलणी पक्की करता येतात. म्हणजे करारात दोन वर्षे उरली की घड्याळ सुरू झाले. एक वर्ष उरले की किंमत पडली. सहा महिने उरले की तुम्ही पाहुणे. हे वेळापत्रक सही करतानाच ठरलेले असते. तरी दरवर्षी कोणी ना कोणी 'बोलणी सकारात्मक आहेत' म्हणत शेवटच्या जानेवारीपर्यंत येऊन पोहोचतो.

जर्सीचा नंबर ही बाहेरून किरकोळ वाटणारी बाब आहे, पण आम्हाला ती खुपते. बार्सिलोनातून मेस्सी ऑगस्ट २०२१ मध्ये गेला आणि १ सप्टेंबरला दहा नंबर अन्सू फातीला दिला. वय १८. गुडघ्याच्या दुखापतीमुळे आदल्या नोव्हेंबरपासून तो मैदानावर उतरलेला नव्हता, शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या होत्या. ज्या मुलाला नीट चालता-पळता यावे म्हणून वेळ द्यायचा, त्याच्या पाठीवर मेस्सीचा आकडा छापून तुम्ही दुकानाचे शटर वर केले. २०२३ मध्ये तो लोनवर ब्रायटनला गेला. नंबर नसता तर तो फुललाच असता असा आमचा दावा नाही. पण ओझे तुम्ही चढवले.

आणि प्रशिक्षक. आधी तारा गेला, मग त्याच हंगामात त्याच्या क्लबचा प्रशिक्षकही. तारखा पाहा. बेल सप्टेंबर २०१३ मध्ये गेला, आंद्रे व्हिलास-बोआस डिसेंबरात. रोनाल्डो जुलै २०१८ मध्ये, हुलेन लोपेतेगी ऑक्टोबरात. मेस्सी ऑगस्ट २०२१ मध्ये, रोनाल्ड कूमन ऑक्टोबरात. ग्रीलिश ऑगस्ट २०२१ मध्ये, डीन स्मिथ नोव्हेंबरात. चारही जणांच्या काही चुका असतील. पण विक्रीवर सही त्यांची नव्हती. ज्यांची होती ते त्याच खुर्च्यांवर बसून नव्या प्रशिक्षकाचे स्वागत करत होते. शिवाय बरखास्तीची भरपाई आणि नव्याचा पगार हेही शेवटी त्याच बदलीच्या रकमेतून जाते, हे कोणी बोलत नाही.

शेवटची तक्रार आमच्याशी होणाऱ्या वागणुकीची. वसंतात सीझन तिकिटाच्या नूतनीकरणाची पत्रे येतात, त्यावर त्याचा फोटो असतो. जूनमध्ये नवी जर्सी येते, तीही त्याच्याच अंगावर. तोवर त्याचा एजंट दोन क्लबांशी बोलून आलेला असतो आणि तुम्हाला ते ठाऊक असते. ऑगस्टात तो गेला की नाव छापलेली जर्सी परत घेतली जात नाही, कारण 'वैयक्तिक छपाई'. आणि त्याच आठवड्यात निनावी सूत्रांकडून बातम्या सुटतात : तो सरावाला उशिरा येत होता, ड्रेसिंग रूममध्ये नकोसा झाला होता. जो काल तुमच्या भित्तीपत्रकावर होता त्याची अशी बेअब्रू करून विक्री योग्य ठरत नाही. आम्हाला तो कसा होता हे माहीत आहे. आम्ही त्याला तीन वर्षे दर आठवड्याला पाहिले.

तेव्हा आमच्या मागण्या :

१. विंडो बंद झाल्यापासून ३० दिवसांत त्या विक्रीचा हिशेब जाहीर करा. मथळ्यातली रक्कम नको. वाटे आणि कपात जाऊन निव्वळ किती, किती हप्त्यांत, आणि ते कुठे गेले : नवे खेळाडू, पगार, कर्जफेड, स्टेडियम की मालकाची येणी. शेअर बाजारात नोंदलेल्या क्लबांना यातले बरेच सांगावेच लागते, आणि त्यांचे काही बिघडलेले नाही.

२. ज्या खेळाडूच्या करारात दोन वर्षे उरली आहेत त्याच्याबाबत निर्णय त्याच उन्हाळ्यात घ्या, नवा करार किंवा विक्री. तिसरा पर्याय, म्हणजे त्याला ठेवून फुकट जाऊ देणे, निवडायचा असेल तर जरूर निवडा. एका हंगामाच्या करंडकासाठी तो कधी कधी शहाणपणाचाही ठरतो. पण तो निवडलेला असू द्या, ओढवलेला नको.

३. संघातल्या पहिल्या पाच खेळाडूंच्या कामांचा तक्ता कायम तयार ठेवा. काम कोणते, सामन्यामागे किती वेळा, संघात ते करू शकणारा दुसरा कोण, नसेल तर बाहेरची तीन नावे. तक्ता आम्हाला दाखवू नका, प्रतिस्पर्धी वाचतील. तो आहे आणि वर्षातून दोनदा प्रशिक्षकासोबत तपासला जातो, एवढे वार्षिक सभेत सांगा.

४. विक्रीच्या रकमेवर एका उन्हाळ्यात पहिल्या अकरात तीनपेक्षा जास्त नवे बसवू नका. उरलेला पैसा जानेवारीपर्यंत किंवा पुढच्या वर्षापर्यंत पडू द्या. तो कुजत नाही.

५. गेलेल्याचा नंबर किमान एक हंगाम कोणालाही देऊ नका. एकवीस वर्षांखालच्या मुलाला तर मुळीच नाही.

६. संचालकांनी विकलेल्या खेळाडूची किंमत प्रशिक्षकाकडून वसूल करू नका. हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक काढायचाच असेल तर त्याच दिवशी विक्री आणि खरेदीवर सही करणाऱ्या संचालकाने समर्थकांसमोर येऊन उत्तरे द्यावीत.

७. ज्याची बोलणी सुरू आहेत त्याचा फोटो तिकीट आणि जर्सीच्या जाहिरातींतून काढा. तो गेल्याच्या आधीच्या ६० दिवसांत अधिकृत दुकानातून घेतलेली त्याच्या नावाची जर्सी बदलून द्या. सीझन तिकीट भरलेल्यांना, विक्री जाहीर झाल्यापासून १४ दिवस, पैसे परत घेण्याची मुभा द्या. फार थोडे लोक ती वापरतील, हे तुम्हालाही माहीत आहे.

८. गेलेल्या खेळाडूविरुद्ध सूत्रांच्या नावाने बातम्या सोडणे बंद करा.

यातल्या पहिल्या, पाचव्या आणि आठव्या मागणीला एक पैसाही लागत नाही; त्या याच विंडोपासून अमलात येऊ शकतात. बाकीच्यांसाठी येत्या वार्षिक सभेत वेळापत्रक मांडा. ज्या क्लबांत समर्थकांचे प्रतिनिधी मंडळावर किंवा सल्लागार समितीवर आहेत तिथे त्यांच्यामार्फत हा विषय रीतसर कार्यसूचीवर घेण्याची विनंती करत आहोत. जिथे नाहीत, तिथे हे पत्रच अर्ज समजावे. लेखी उत्तर अपेक्षित आहे, आणि कोणती मागणी मान्य नाही हेही कारणासह कळवावे.

कळावे,

आपले,
तिकीट काढून येणारे समर्थक